पाचवी ओळ

प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की जगण्याची सारी सूत्रं श्रद्धेच्या हाती सोपवावी लागतात, आणि त्या क्षणानंतर तो माणूस पहिल्यासारखा राहत नाही. चष्मेवाल्याच्या आयुष्यात हा क्षण रविवारी सव्वाअकरा वाजता आला. साडेबाराला तो जेवला आणि चारपर्यंत अगदी पहिल्यासारखा झोपला.

पण दुपारची झोप वगळली तर क्षण खरा होता, आणि तो आणला होता पाळकसाहेबांनी. पाळकसाहेब एकाहत्तर वर्षांचे, उंच, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर डुलकी घेणाऱ्याला आपलंच नाव पुकारलं असं वाटावं. त्या दिवशी उपदेश रंगला होता.

“आपण श्रद्धेला पाहुणीसारखं वागवतो,” ते म्हणाले. “बैठकीत बसवतो, चांगल्या कपातून चहा देतो आणि आतल्या खोलीचं दार हळूच लोटून घेतो. कारण आत पसारा असतो. या आठवड्यात तिच्या हातात घराच्या किल्ल्या द्या. दुकानाच्या द्या, कचेरीच्या द्या. काय बोलायचं, कशाला हो म्हणायचं, कशावर सही करायची, सगळं तिला ठरवू द्या.”

उपासना संपल्यावर प्रत्येकाला दारात एक छोटं पांढरं कार्ड मिळालं. त्यावर एवढंच छापलं होतं: ‘हे कोण ठरवतंय?’ कार्ड रोज नजरेस पडेल अशा जागी ठेवायचं आणि काहीही ठरवण्याआधी वाचायचं.

मंडळीतल्या बहुतेकांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि सोमवारी शर्टाबरोबर धुतलं. चष्मेवाला मात्र सांगितलेलं करणाऱ्यांपैकी होता. बाई गृहपाठ द्यायला विसरल्या तर हात वर करून आठवण करून देणारा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो. तोच पुढे वाढून पन्नाशीचा झाला होता.

सोमवारी सकाळी न्याहारीला बसल्यावर दुसरं उकडलेलं अंडं घ्यावं की नाही, या प्रश्नावर तो डोळे मिटून थांबला. बायकोने थोडा वेळ वाट पाहिली.

“झोप झाली नाही का?”

“विचारतोय.”

“कोणाला?”

त्याने छताकडे बोट केलं.

“अंड्याचं मला विचारा,” ती म्हणाली. “तिकडून उत्तर येईपर्यंत गार होईल.”

दुकान दोघांचं होतं. पुढच्या भागात काचेचं काउंटर आणि भिंतभर फ्रेमी, तिथे बायको. लेन्स घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिचं आणि उठून निघालेल्या गिऱ्हाइकाला परत बसवायचं कामही तिचंच. पडद्यामागे चष्मेवाल्याची खोली: उंच खुर्ची, लेन्सांची पेटी आणि समोरच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता. वर एक मोठा आकडा, खाली दोन, खाली तीन, असे बारीक होत जाणारे. त्या सोमवारी त्याने कार्ड काउंटरच्या काचेखाली सरकवलं आणि कामाला सुरुवात केली.

पहिल्या आल्या एक वकीलबाई. त्यांनी लाल फ्रेम लावली, आरशात पाहिलं आणि विचारलं, “कशी दिसते?”

या प्रश्नाचं उत्तर गेली चोवीस वर्षं ठरलेलं होतं: ‘तुमच्यासाठीच बनवलीय.’ चष्मेवाल्याचं तोंड त्यासाठी उघडलंही. तेवढ्यात त्याची नजर कार्डावर गेली.

“नाक मोठं दिसतं,” तो म्हणाला.

वकीलबाईंनी फ्रेम काढली, घडी केली, ठेवली आणि गेल्या.

“श्रद्धेने सांगितलं का तुम्हाला, तिचं नाक मोठं आहे म्हणून?” बायकोने विचारलं.

“खरं बोल, असं सांगितलं.”

“खरं बोल म्हणाली असेल. एवढ्या पटकन बोल असं नसेल म्हणाली. दुसरी फ्रेम हातात देऊन बोलायचं.”

यावर त्याने प्रामाणिकपणे विचार केला, आणि मुद्दा त्याला पटला. श्रद्धेला दुकानदारीचा अनुभव नव्हता, बायकोला होता. दोघींना मिळून काम करावं लागणार होतं.

त्याच दिवशी दुपारी त्याने आणखी एक गोष्ट ठरवली. एक जुना गवंडी चष्म्याचा नंबर तपासायला आला होता. खुर्चीत बसता बसता, डोळा झाकायच्या आधी, किंबहुना तक्त्याकडे बघायच्याही आधी त्याने पहिल्या दोन ओळी म्हणून टाकल्या. चष्मेवाल्याच्या मनात काहीतरी खट्ट झालं. तक्ता एकोणीस वर्षं त्याच भिंतीवर होता. आपली अर्धी गिऱ्हाइकं तो वाचत नाहीत, म्हणतात, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्यावर काही करायचं असं आजवर कोणी ठरवलंच नव्हतं. माळ्यावर एक नवा तक्ता कागदातसुद्धा न उघडलेला पडून होता. त्याने स्टूल घेतलं, जुना उतरवला, नवा लावला.

“जुन्याला काय झालं?” बायकोने खालून विचारलं.

“लोकांना पाठ झालाय.”

“मग चांगलंय की. काम लवकर उरकतं.”

मंगळवारी वकीलबाई परत आल्या. सोबत त्यांची बहीण होती. “इथे दाखव,” त्या बहिणीला म्हणाल्या. “हा माणूस उद्धट आहे, पण खरं सांगतो.” बहिणीने दोन फ्रेमी घेतल्या. चष्मेवाल्याने कार्डाकडे पाहून मान हलवली, जणू दोघांनी मिळून काहीतरी जमवलं होतं. श्रद्धेच्या हाती सूत्रं दिली की सगळं सुरळीत होतं, असा त्याचा समज मंगळवारी संध्याकाळपर्यंत टिकला.

बुधवारी पाळकसाहेब स्वतः आले.

हातात एक अर्ज होता. गाडी चालवण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. सत्तरी उलटली की नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला लागतो, असं मंडळीच्या चिटणिसांनी सांगितलं होतं आणि अर्जही त्यांनीच आणून दिला होता. मंडळीत चिटणीस म्हणतील तो नियम. त्यांनी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली होती. अर्जात लिहिलं होतं की तक्त्याची पाचवी ओळ वाचता आली पाहिजे, आणि खाली सहीसाठी चौकोन होता.

“पाच मिनिटांचं काम आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “उद्या पलीकडच्या वस्तीतल्या आजींना पाय दाखवायला न्यायचंय. त्यानंतर त्या सुताराकडे जायचंय, पाठ धरलीय त्याची.”

पाळकसाहेबांची निळी गाडी म्हणजे निम्मी मंडळी होती. कोणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी ती दारात उभी राही. तिच्याविषयी कोणी वावगं बोलत नसे. गेल्या दोन वर्षांत ती चर्चच्या फाटकाच्या खांबाला तीनदा घासली, तेव्हा पंचांची सभा भरली, सखोल चर्चा झाली आणि फाटक अरुंद आहे असा ठराव एकमताने झाला. मग फाटक दीड फूट रुंद करण्यात आलं. फाटक बांधल्यापासून चाळीस वर्षं लोक त्यातून गाड्या आणत होते, ही गोष्ट सभेच्या वृत्तान्तात आली नाही.

चष्मेवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकायला काळा चमचा हातात दिला आणि तक्त्यावरचा दिवा लावला.

“हं. म्हणा,” तो म्हणाला. सवयीने. ‘वाचा’ म्हणायला हवं होतं.

“सात,” पाळकसाहेबांनी सुरुवात केली. आशीर्वाद देतानाचाच तो भरदार सूर. “चार, नऊ. दोन, सहा, पाच. आठ, तीन, नऊ, चार. आणि पाचवी ओळ: तीन, सात, पाच, दोन, आठ. शेवटचा आठ जरा पुसट आहे.”

जुन्या तक्त्यावरचा तो आठ खरोखरच पुसट होता. पूर्वी कोणीतरी त्यावर ओला हात टेकला होता. जुना तक्ता त्या घटकेला माळ्यावर, भिंतीकडे तोंड करून उभा होता.

 चष्मेवाल्याने दुसरा डोळा झाकायला सांगितला. मग दोन्ही उघडे. तिन्ही वेळा एकही आकडा न अडखळता आला आणि तिन्ही वेळा आठ पुसट निघाला.

“झालं?” पाळकसाहेबांनी खिशातून पेन काढून पुढे केलं.

“पाळकसाहेब,” चष्मेवाला म्हणाला, “तक्ता बदललाय.”

“कुठला?”

“हाच. समोरचा.”

पाळकसाहेब पुढे झुकले, डोळे बारीक केले. बराच वेळ पाहत राहिले.

“कधी?”

“सोमवारी.”

“आणि का रे बाबा?”

“तुमच्या उपदेशामुळे.”

पडद्यापलीकडे लेन्स घासायच्या यंत्राचा आवाज थांबला. बायकोला नीट ऐकायचं असलं की यंत्र थांबे.

“पण मला दिसत होते,” पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. “खोटं नाही सांगत. मी बघत होतो आणि मला दिसत होते.”

यात खोटं काहीच नव्हतं, आणि अडचण तीच होती. चष्मेवाल्याने छोटा टॉर्च घेतला. इतक्या वर्षांत त्याने पाळकसाहेबांच्या डोळ्यांत टॉर्च मारला नव्हता. ते दरवेळी तक्ता घडाघडा म्हणत, आणि पाळकाच्या शब्दावर टॉर्च मारणं त्याला उद्धटपणाचं वाटे. आता त्याने मारला. दोन्ही बाहुल्यांत दुधी पडदा होता.

“मोतीबिंदू,” तो म्हणाला. “दोन्हीकडे. ऑपरेशन केलं की लख्ख दिसेल. तोवर गाडी नको.”

“किती दिवस?”

“एकेक डोळा करून, दोन-अडीच महिने.”

पाळकसाहेबांनी काळा चमचा मांडीवर उलटासुलटा केला. “श्रद्धेच्या माणसाला सगळंच दिसावं लागतं असं नाही,” ते म्हणाले.

“श्रद्धेच्या माणसाला नसेल लागत. गाडीच्या माणसाला लागतं.”

“नुसती सही आहे रे. रस्ते माझ्या पायाखालचे आहेत.”

“तक्ताही होता,” चष्मेवाला म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली. या माणसाने त्याचं लग्न लावलं होतं. वडील गेले तेव्हा हाच माणूस त्याच निळ्या गाडीतून सर्वांत आधी आला होता. सही न करणं म्हणजे त्याच्या पायातलं बळ काढून घेण्यासारखं होतं. आणि सही करणं म्हणजे एखाद्या दिवशी रस्ता ओलांडणाऱ्या कोणाला तरी ‘जरा पुसट’ ठरवणं होतं. त्याने पेन परत केलं.

पाळकसाहेब अर्ज घेऊन उठले. जाताना काउंटरपाशी थांबले. काचेखालचं कार्ड त्यांनी अगदी नाकाशी येईल एवढं वाकून वाचलं.

“छपाई बारीक झालीय,” ते म्हणाले, आणि गेले.

गुरुवारी सकाळी चिटणिसांचा फोन आला.

“काय हे,” चिटणीस म्हणाले. “मंडळीचं सगळं काम अडकलंय. आजींना आज रिक्षाने जावं लागलं.”

“त्यांना दिसत नाही, चिटणीससाहेब.”

“ते आम्हाला माहीत नाही का? म्हणून तर फाटक मोठं केलं. लागलं तर आणखी करू. तू सही कर.”

“नाही करता येणार.”

“हे कोण ठरवतंय?” चिटणिसांनी रागाने विचारलं, आणि मग घाईने फोन ठेवून दिला. कार्डाचा मजकूर चिटणिसांनीच छापून आणला होता.

दुपारी चष्मेवाला बँकेत गेलेला असताना पाळकीणबाई आल्या. परतल्यावर बायकोने त्याला सांगितलं.

“काकू आल्या होत्या. चष्म्याला अडकवायची दोरी बघायला.”

“मग?”

“दोऱ्या इथे बाहेर टांगल्यात. त्या पडद्याआड वीस मिनिटं बघत होत्या.”

“दोरी नेली?”

“दोरी नाही नेली. कागदावर काहीतरी लिहून नेलं.”

चष्मेवाला खुर्चीत बसला. तिसरा तक्ता त्याच्याकडे नव्हता. जुना परत लावावा तर तो पाठ, नवा ठेवावा तर तोही आता पाठ. अर्जावर फक्त एवढंच विचारलं होतं की पाचवी ओळ वाचली का. उद्या पाळकसाहेब ती घडाघडा म्हणाले, तर कोणत्या तोंडाने सांगायचं की वाचली नाही? त्याने डोळे मिटले आणि प्रार्थना केली. ती अगदी छोटी होती: ‘मला उद्धट व्हायला लावू नकोस, आणि भित्राही होऊ देऊ नकोस.’ डोळे उघडले तेव्हा बायको समोर चहा घेऊन उभी होती.

“काय उत्तर आलं?”

“काही नाही आलं.”

“मग तक्ता आहे तसा राहू द्या,” ती म्हणाली. “पाळक आहेत ते. त्यांनाही संधी द्यायला पाहिजे ना.”

“कसली?”

“ते त्यांना ठरवू द्या.”

शुक्रवारी सकाळी दोघे नवरा-बायको आले, चालत. पाळकीणबाईंनी पर्स पोटाशी घट्ट धरली होती.

“बुधवारी दमलो होतो,” पाळकसाहेब म्हणाले. “परत एकदा घे.”

चष्मेवाल्याने चमचा दिला, दिवा लावला. या वेळी तो म्हणाला, “वाचा.”

“पाच,” पाळकसाहेब म्हणाले. बरोबर. “नऊ, दोन.” बरोबर. “सहा, तीन, आठ.” बरोबर. चौथी ओळ जरा सावकाश आली, पण आली. पडद्याच्या फटीतून पाळकीणबाईंचे ओठ हलताना दिसत होते, प्रार्थनेच्या वेळी हलतात तसे. फक्त त्यात आकडे होते.

“पाचवी ओळ,” चष्मेवाला म्हणाला.

“चार,” पाळकसाहेब म्हणाले. “सात. दोन.”

आणि थांबले.

पडद्यामागून अगदी बारीक आवाज आला, “नऊ.”

“ऐकू आलं गं,” पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी डोळ्यावरचा चमचा काढला. “ही ओळ मला दिसत नाही. वरचीही नाही. खरं म्हणजे तो वरचा मोठा पाचसुद्धा मला ढगासारखा दिसतो. हे हिने रात्रीच्या जेवणाच्या वेळी माझ्याकडून पाठ करून घेतलं. मीही केलं, आणि मला चुकल्यासारखंही वाटलं नाही. आत्ता ‘दोन’ म्हटलं आणि कळलं, की मी सगळं श्रद्धेला देऊन टाका म्हणून गावभर सांगत सुटलोय, आणि हे मात्र माझं मीच ठरवतोय.”

 मग पाळकीणबाई पडद्याच्या आत आल्या.

“मी सांगितलं होतं यांना, चौथ्या आकड्याला अडकाल म्हणून,” त्या म्हणाल्या. “यांना खोटं जमत नाही. चार वर्षं ऑपरेशनला घाबरून बसलेत, ते तेवढं जमलं.”

“चार वर्षं?” चष्मेवाल्याने विचारलं.

“मी किती जणांच्या उशाशी बसून म्हटलं असेल, भिऊ नका म्हणून,” पाळकसाहेब म्हणाले. “पण उशाशी बसणं वेगळं आणि उशीवर डोकं असणं वेगळं.”

“मग आम्ही बसू उशाशी,” बायको काउंटरवरून म्हणाली. “आणि तेच सांगू. ऐकायला कसं वाटतं ते तरी कळेल तुम्हाला.”

पाळकसाहेब हसले. पहिल्यांदा थोडं, मग खुर्ची हलेपर्यंत. उठून बाहेर आले, खिशातून निळ्या गाडीची किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली.

“घे,” ते चष्मेवाल्याच्या बायकोला म्हणाले. “तुला येते ना चालवायला? सुताराकडे मला तूच ने.”

तिला गाडी चालवायला येत होती, फार वेगात येत होती. पुढचे दोन महिने ती दुपारचं दुकान नवऱ्यावर सोडून पाळकसाहेबांना वस्त्या-वस्त्यांतून फिरवत राहिली. वळणावर ते डोळे मिटून घेत आणि मोठ्याने प्रार्थना म्हणत. त्या दोन महिन्यांत त्यांची प्रार्थना फार मनापासून झाली, असं मागच्या सीटवरच्या आजी सगळ्यांना सांगत.

त्या शुक्रवारनंतरच्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सगळी हकीकत सांगितली, पाठांतरासकट. उपदेश सहा मिनिटांत संपला. मंडळीला तो फार आवडला, त्याची लांबी विशेष. चिटणिसांनी उभं राहून सांगितलं की मोतीबिंदूची शंका त्यांना पहिल्यापासून होती.

पहिला डोळा झाला, मग दुसरा. ऑपरेशनच्या दिवशी पाळकसाहेबांनी चष्मेवाल्याचा हात इतका घट्ट धरला, की त्याला दोन दिवस स्क्रू फिरवता आला नाही. पण पट्टी निघाली आणि जग नव्याने उजळलं. बैठकीतले पडदे राखाडी नसून हिरवे आहेत हे त्यांना कळलं. पाळकीणबाईंच्या केसांत पांढरे किती आहेत हेही कळलं, आणि ते त्यांनी कौतुकाने बोलून दाखवलं. खरं एवढ्या पटकन बोलू नये हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी उपदेशपीठावरून त्यांना कित्येक वर्षांनी शेवटची तीन बाकं दिसली, आणि तिथे कोण कोण झोपतं तेही. त्यांनी आवाज जरा वाढवला.

शेवटी एका सोमवारी ते चष्मेवाल्याच्या खुर्चीत बसले. तक्ता नवा, तिसरा, खास मागवलेला. त्यांनी पाचवी ओळ वाचली, सहावी वाचली आणि तळाशी तक्ता छापणाऱ्याचा पत्ताही वाचला. चष्मेवाल्याने काचेखालच्या कार्डाकडे एकदा पाहिलं आणि चौकोनात सही केली. सही त्याने आयुष्यात इतकी सुंदर कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते दोघे आणि चिटणीस असे तिघे परवान्याच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईने अर्ज घेतला, सही पाहिली, कागद उलटा केला, मागची बारीक टीप वाचली आणि अर्ज परत सरकवला. डोळ्यांचा दाखला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांनाच लागत होता.